मामाजींसोबत भोवत्या मोजताना

दसऱ्यानंतर उत्तरेकडून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी धाडजवळच्या आमच्या गवताळ माळावर मुक्कामाला उतरायचे. माझे सासरे, मामाजी, दरवर्षी हौसेनं ते मोजायचे. माझं लग्न झालं त्या वर्षी मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसेना, म्हणून सासूबाईंनी मला सोबत पाठवलं. तोवर मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. संध्याकाळी पक्षी येऊ लागले, तशी मी नुसतं बोट दाखवत राहिले. मामाजींना ते बोटही दिसेना.

"बोल ना वं माय," ते काकुळतीनं म्हणाले, "मले ऐकू तर येते!"

मग मी ओरडायलाच लागले, "तो पाहा, बाभळीवरून! अजून एक, मामाजी!"

डोक्यावरचा पदर कधी घसरला, कळलंच नाही. घरी परततानाही मी बोलतच होते आणि मामाजी कौतुकानं ऐकत होते.