साध्या तापाची केस

बाई स्टुलावरून उठेनात.

जिंतूरकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर होते. सोमवारची ओपीडी. दाराबाहेर रांग, आत पंखा आणि मी, दोघंही फुल स्पीडवर. समोर बसल्या होत्या प्रज्ञा वाघमारे, वय एकतीस, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायच्या. ताप एकशे एक पॉइंट आठ, थंडी वाजून आलेला. थोडा खोकला. छाती ऐकली, बरी वाटली. गावोगाव व्हायरलची साथ होती आणि सकाळपासून मी सगळ्यांना पॅरासिटामॉलच लिहीत होते. ती चिठ्ठी लिहायला मेंदू लागत नाही. मीही तो वापरत नव्हते.

"मॅडम, मला सिकलसेल आहे," बाई म्हणाल्या. "ताप आला की लगेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन घ्यायचं आणि ॲडमिट व्हायचं, असं माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलंय."

त्यांनी पर्समधून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. मी ते पाहिलं, म्हणजे लॅमिनेशन पाहिलं. सिकलसेल मला माहीत होता. परीक्षेत पाच मार्कांना आला होता. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडं दुखतात. पाचपैकी साडेतीन मिळाले होते. राहिलेला दीड मार्क आता समोर बसला होता.

मी त्यांना समजावलं की ऊठसूट अँटिबायोटिक घेऊ नये, हल्ली लोक मोबाइलवर वाचून घाबरतात, दोन दिवस गोळी घ्या, नाही उतरला तर या. हे भाषण मी रोज देते आणि ते छान वठतं. बाईंवर काही परिणाम झाला नाही. इंजेक्शन मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. मग आम्ही दोघी एकमेकींना मॅडम मॅडम म्हणत चांगली पाच मिनिटं भांडलो.

रांगेतले एक म्हातारबा दारातून डोकावले. "म्याडम, त्या बाईला काय पायजे ती सुई देऊन टाका ना. आमी कवापासून उभं हाव."

मी फोन उचलला, तो बाईंना उठवायला. परभणीला माझे एक सीनियर फिजिशियन आहेत. त्यांनी स्पीकरवर फक्त 'व्हायरल आहे' म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा. लहान डॉक्टरचं ऐकत नाहीत ते पेशंट मोठ्या डॉक्टरचं ऐकतात. केस सांगितली.

"इंजेक्शन दिलंस?"

"नाही सर, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

"आधी दे. मग विचार."

स्पीकर चालूच होता. अख्ख्या रांगेनं ऐकलं.

सर पुढे जे बोलले ते सभ्य भाषेत असं. पोटात डावीकडे, बरगड्यांखाली पानथरी असते. रक्तात शिरलेले जंतू गाळून मारणं हे तिचं काम. सिकलसेलमध्ये वाकड्या पेशी तिच्याच नसा तुंबवतात आणि बहुतेकांची पानथरी लहानपणीच निकामी होते. मग रक्तात जंतूंना मोकळं रान. सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत सेप्सिस होऊ शकतो, म्हणजे संसर्ग अंगभर पसरून बीपी कोसळतं. तेव्हा ताप व्हायरल आहे का, हा विचार पहिला डोस आत गेल्यावर करायचा.

इन्चार्ज सिस्टर तोवर ट्रे घेऊन हजरही झाल्या होत्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट पाहायची सवय त्यांना उरली नव्हती. आधी तपासणीसाठी रक्त काढलं, मग सलाइन लावून शिरेतून इंजेक्शन दिलं.

औषध जाताना मी विचारलं, एवढा हट्ट कशासाठी? विचारण्यात थोडा टोमणा होताच.

"माझ्या मोठ्या भावालाही सिकलसेल होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळी ताप आला. गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी माती दिली. तो लय शहाणा होता, मॅडम. भांडला न्हाई."

मी सलाइनचा वेग तपासत राहिले. तो बरोबरच होता.

दीड तासात बीपी नव्वदच्या खाली आलं. श्वास वाढला, ओठ पांढरे पडले. ऑक्सिजन लावला, १०८ बोलावली आणि मीच सोबत चढले. ओपीडी कोण बघणार, असं अधीक्षकांनी विचारलं. मी म्हटलं, सर, तुम्ही. त्यांना हा पर्याय नवीन होता.

परभणीचा रस्ता जसा आहे तसा आहे. बाईंनी डोळे मिटले होते. त्या शुद्धीवर आहेत ना हे कळावं म्हणून मी सारखं नाव विचारत होते. चौथ्यांदा विचारल्यावर बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "तेच हाय अजून." मला एकदम रडू आलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि सायरन वाढवला.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. काढलेल्या रक्तातही न्यूमोनियाचे जंतू सापडले. बाई चार दिवस आयसीयूत होत्या, एकदा रक्त चढवावं लागलं, नवव्या दिवशी घरी गेल्या. सरांनी फोन करून सांगितलं की पहिला डोस वेळेत गेला म्हणून वाचल्या. वेळेत कुणामुळे गेला, तो विषय त्यांनी काढला नाही. माणूस चांगला आहे.

महिन्याभरानं बाई न्यूमोनियाची राहिलेली लस घ्यायला आल्या, रीतसर रांग लावून. वर्गात विचारतात तशा आवाजात त्यांनी मला विचारलं, उद्या सिकलसेलचा दुसरा पेशंट ताप घेऊन आला तर काय कराल? मी म्हटलं, रक्त काढायचं, पहिला डोस द्यायचा, ॲडमिट करायचं, मग फोन.

"बरोबर," म्हणाल्या आणि दंड पुढे केला.

माझ्या खात्यात मी तेव्हा सहा वर्षं होते. बाई त्यांच्या आजारात एकतीस वर्षं होत्या. सर्व्हिस ज्याची जास्त तो सीनियर, एवढं तर सरकारी नोकरीत पहिल्या दिवशीच शिकवतात.