रुमालाबाहेरची बोली

मालक गेल्यावर शेत मीच करू लागले, तेव्हा धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, शेत कराल, पण मोंढ्याच्या बाजारात बाईचा निभाव लागत नाय. यंदा कापूस मातीमोल गेला, तर पुढल्या सालापासून शेत मी बघीन." मी म्हटलं, बघा की.

तोवर औरंगाबादच्या मोंढ्यात भाव रुमालाखाली ठरायचा. आपला माल विकून देणारा आडत्या आणि खरीददार एकाच रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचे, माना डोलवायचे. माल आपला अन् भाव त्यांच्या बोटांत. बाईनं तर त्या रुमालाजवळ फिरकायचंसुद्धा नाही. त्या साली मात्र निजाम सरकारचा नवा कायदा आला. रुमाल बंद, बोली मोकळी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आमच्या पिशोर गावात ही खबर पोचली, तशी मी गड्याला गाडी जुंपायला लावली.

मोंढ्यात माझ्या ढिगाभोवती पाच-सात व्यापारी जमले. कारकून बोली पुकारू लागला. भाव जरासा चढला अन् चिखलात रुतल्या गाडीगत तिथंच थांबला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा पांढराशुभ्र कापूस, अन् हे मेले जांभया देतायत. मी पदर खोचला आणि मोठ्यानं म्हटलं, "माझे दोन रुपये वर."

कारकून चष्मा वर करून म्हणाला, "अम्मा, माल बी तुम्हारा, बोली बी तुम्हारी?"

मला वाटलेलं, मोकळी बोली म्हणजे सगळ्यांनाच मोकळी. असा हशा पिकला की मापाड्यानं तराजू खाली ठेवला. लई लाज वाटली. पण मागं फिरले असते तर शेत गेलं असतं. म्हटलं, "व्हय, मीच घेतला. ह्या भावात मला परवडतो." अन् गड्याला गाडी भरायला सांगितलं.

त्यानं खरंच कापूस भरायला घेतला. तेव्हा एक म्हातारा व्यापारी हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत पुढं आला. "थांबा बाई. तुम्हाला परवडतो, तर मलाबी परवडंल. आणखी एक वर." मग दुसऱ्याला राहवलं नाही, तोही चढला, अन् कापूस चांगल्या भावात गेला.

गावी येऊन दिरांना भाव सांगितला. ते तंबाखू मळू लागले. त्यांचा कापूस अजून घरातच होता.

"वहिनी," जमिनीकडं बघत ते म्हणाले, "परवा माझी गाडी निघतीय. तुम्ही येता का संगं?"