लेव्हल हाय!

हूटर बोंबलायला लागला तेव्हा मी मिलकडं होतो. बॉयलरच्या पॅनेलपाशी सबनीस होता. असणारच! नवं पॅनेल बसल्यापासून चीफ साहेबांना दुसरं कुणी दिसतच नव्हतं.

हा मुंबईहून आलेला, माझ्याहून लहान, शर्टाला कधी ग्रीसचा डाग नाही. मी कुंडलचा. इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात पहिल्या सीझनपासून इन्स्ट्रुमेंट सेक्शनला. या सीझननंतर सेक्शनचा इनचार्ज नेमणार होते. ती खुर्ची माझीच, असं मी धरून चाललो होतो. तेवढ्यात हा उपटला. लपवत नाही, लय जळायचो मी त्याच्यावर.

पॅनेल म्हणजे काचेच्या छोट्या खिडक्या, प्रत्येकीमागं दिवा. काही बिघडलं की त्याची खिडकी लुकलुकते आणि हूटर वाजतो. बॉयलरच्या पाण्याला आमच्याकडं एकच खिडकी होती, 'ड्रम लेव्हल'. पाणी जास्त झालं तरी तीच लागायची, कमी झालं तरी तीच. नक्की काय, ते वर गेज ग्लासपाशी, म्हणजे पाणी दाखवणाऱ्या काचेपाशी, उभ्या माणसाला विचारायचं.

वर तातोबा होता, आमचा जुना फायरमन. सबनीसनं खालून विचारलं, "लेव्हल?"

तातोबा ओरडला, "लेव्हल हाय!"

सबनीसनं फटकन पाण्याचा व्हॉल्व्ह आवळला.

मी पोचेपर्यंत इंटरलॉक पडला. म्हणजे पाणी फार खाली गेलं की चुलीत जाणारं उसाचं चिपाड आपोआप बंद होतं. स्टीम उतरली, मिल थांबली, यार्डात बैलगाड्या तुंबल्या.

"आवं तातोबा, पानी कुठं हाय?" मी वर बघून ओरडलो.

"तळाला! मगाधरनं सांगतोय न्हवं, हाय म्हून! अजून दिसतंय की!"

मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. तोंड गंभीर ठेवलं, पण आतून उकळ्या फुटत होत्या.

चीफ साहेब धावत आले. "काय झालं?"

"साहेब, आमच्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे'. यांनी इंग्रजी ऐकलं."

सबनीसचा चेहरा पडला. साहेब मात्र पोट धरून हसले. "मग तुम्हीच शिकवा त्यांना इथलं बोलणं!"

घ्या! मीच शिकवायचं!

शिकवलं. लेकाचा भराभर शिकला. एका खिडकीच्या दोन करू, 'पाणी जास्त' आणि 'पाणी कमी', ही कल्पना माझी. खिडक्यांवर नावं रंगवून घेतली त्यानं. साहेब म्हणाले, "व्वा, सबनीस!" वर तातोबा मलाच सांगतो, "सबनीस सायेब लय आपला मानूस हाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

सीझन संपला. इनचार्ज सबनीस.

पेढे घेऊन आधी माझ्याकडंच आला. "दादा, राग हाय काय वो?" उच्चार अगदी कुंडलचा.

"हाय," मी म्हणालो आणि दोन पेढे उचलले.

आपल्यातलं हाय की इंग्रजीतलं, ते काही त्यानं विचारलं नाही. ऐकलेलं एकदा परत विचारून घ्यावं, एवढं मात्र तो शेवटपर्यंत शिकला नाही.