फळ्यावरची कोरी तारीख

आमच्या सिल्वासात समुद्र नाही, तरीही आमच्या टोकरखाड्याच्या कॉलनीत जितकी जहाजं बुडाली तितकी कुठल्याच महासागरात बुडाली नसतील. ती सगळी समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी बुडवली. खडूने, रोज सकाळी सात वाजता.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. काका आरमारातून निवृत्त होऊन सुताच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून आलेले. कॉलनीच्या फाटकापाशी एक फळा होता, टाकी धुणार, पाणी येणार नाही, असल्या सूचनांसाठी. त्याचा वरचा निम्मा भाग त्यांनी काबीज केला आणि ‘आरमारात आजचा दिवस’ सुरू केला. मराठ्यांच्या गलबतांपासून आताच्या नौदलापर्यंत, कुठल्या तारखेला काय झालं ते सगळं एका जाड वहीत टिपलेलं. विजय बारीक अक्षरात, बुडणं ठळक. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन दूध घेताना विचारायच्या, “काका, आजे कोण डूब्युं?” काका शांतपणे सांगायचे, “मालवाहू. सगळे गेले.” त्या दिवशी दूध हमखास नासतं, अशी हंसाबेनची तक्रार. माझ्या लेकीच्या बारशाला काकांनी पाळण्यात चांदीचे वाळे ठेवले आणि हळूच म्हणाले, “आजच्या तारखेला एक गलबत खडकावर फुटलं होतं. पण तुम्ही उरकून घ्या.”

दुसरं वेड लवंगेच्या तेलाचं. सदऱ्याच्या खिशात कायम छोटी बाटली. आमचे हे नुसते विचारात पडून गालाला हात लावून बसले, तरी त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा गेलाच समजा. “दाढ दुखणं अंगावर काढू नये,” एवढं एकच वाक्य काका चिडून बोलत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, धुळ्याची, लग्नाआधी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेली, आणि स्वतःला फार विनोदी समजणारी. ती बाई आज भेटली तर तिचा कान धरीन. वर्षातून एक दिवस काका ओल्या फडक्याने फळा पुसत आणि काहीच न लिहिता निघून जात. पहिल्या वर्षी मला वाटलं, विसरले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच तारीख कोरी. म्हटलं, आपण भरून काढू. खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आज काहीही घडले नाही. आरमार जेवून झोपले.’ हंसाबेन पोट धरून हसल्या. मी खुशीत दोन कप चहा प्यायले.

संध्याकाळी काका दारात. मी भांडायच्या तयारीने पदर खोचला.

“अक्षर तुमचं का, सूनबाई?”

“हो. गंमत केली.”

“छान आहे.” ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. “आरमारात असताना याच तारखेला गस्तीवर माझी पाळी होती. दाढ ठणकत होती. मधुकर म्हणाला, तू जा डॉक्टरकडे, मी जातो. दाढ काढून मी धक्क्यावर आलो. नौका परत आलीच नाही.”

मी पदर सोडला.

“बाकी सगळ्यांचं लिहितो. त्याचं माझ्या हातून होत नाही. आता डोळेही चाललेत. वर्षभर टिकतील म्हणतात. म्हणजे त्याची तारीख कोरीच राहणार.” मग म्हणाले, “तुम्ही लिहाल?”

माफी मागायची सोडून मी काय विचारावं? “ठळक की बारीक?” माझ्या मूर्खपणालाही काही माप नव्हतं. पण काकांनी खरोखर विचार केला. “मध्यम,” म्हणाले. “मोठेपणा आवडायचा नाही त्याला.”

दुसऱ्या दिवसापासून फळा माझ्याकडे आला. ते सांगत, मी बुडवत असे. ती तारीख फिरून आली तोवर त्यांना फाटकही दिसत नव्हतं. मी मध्यम अक्षरात लिहिलं, ‘मधुकर. मित्राच्या पाळीत गस्तीवर गेला.’

“लिहिलंत?” त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून फळ्यावर ठेवला. त्यांनी नावावरून बोटं फिरवली आणि नाव पुसलं गेलं. त्यांना ते कळलं नाही. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा हात लावला. हंसाबेन दुधाचं पातेलं घेऊन मागे उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

काकांना जाऊन किती वर्षं झाली. फळ्यापाशी त्या सकाळी मधुकरचं नाव मी एकूण चार वेळा लिहिलं. चौथ्यांदा त्यांनी हात उचलला, अंगठ्याने बोटांवरचा खडू चोळून पाहिला, आणि नावाला हात लावला नाही. नुसता फळ्याजवळ धरून ठेवला, आणि मग बोटांवरचा खडू तसाच घेऊन घरी गेले.