रेव्ह पार्टीची सीडी आणि दत्ताचा भंडारा

कुणाला सांगायची सोय न्हाई आणि सांगितल्याशिवाय चैन न्हाई, असं माझं झालंय बघा. तवा चहा उकळेस्तोवर ऐकून घ्या. एका सीडीपायी मी जिवाभावाचा दोस्त सोळा वर्षं घालवला, आणि वरून गावभर शोभा करून घेतली. हसायचं असंल तर हसा. नको म्हणायला मला तोंड राहिलं न्हाई.

आमचं गाव दिंद्रुडच्या शेजारी. माझं खत-बियाण्याचं दुकान. दत्ता माझा लहानपणापासूनचा यार, त्याच्या घरी मेंढरं. तरणे होतो तवा आमच्या घरी नवा सीडी प्लेयर आलता. पुण्याला शिकायला असलेला चुलतभाऊ सुट्टीत आला आणि एक सीडी विसरून गेला. वर नाव न्हाई, काही न्हाई. आत परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवरचा माहितीपट! मोकळ्या रानात हजारो पोरंपोरी, घराएवढे साउंडबॉक्स, आणि नुसतं धडधड धडधड. मधी मधी एक टकला म्हातारा खुर्चीत बसून इंग्रजीत बोलायचा आणि डोळे पुसायचा.

इंग्रजी आम्हा दोघांना सारखंच यायचं, म्हंजे यायचं न्हाई. पण दत्ता समदं समजावून सांगायचा.

"सुभ्या, ही यांची जत्रा हाय."

"मग देव कुठं हाय बे?"

"ते बॉक्स रचलेत की, तेच! बघ, समद्यांची तोंडं तिकडंच हायेत."

"आन ती पोरगी डोळे मिटून घुमायलीय ती?"

"अंगात आलंय तिच्या. जत्रा म्हणलं की दोन-चार जणींच्या येतंच."

"आन ह्यो म्हातारा कावून रडतोय?"

"जत्रा त्याच्या रानात भरत असंल. आता बंद पडली असंल. रडंल न्हाई तर काय करंल?"

पटायचं हो मला! मला काय, माझ्या आईलाबी पटलं. तिनं एकदा जाता जाता टीव्हीपुढं हात जोडले आणि त्या साउंडबॉक्सला म्हणाली, "समद्यांना सुखी ठेव बाबा." दुपारी उजेड पडून चित्र दिसायचं न्हाई, म्हणून आम्ही दारं लावायचो आणि शेवटाला उठून त्या पोरांसंगं नाचायचो. दत्ता काठी खांद्यावर आडवी घेऊन नाचायचा. किती वेळा बघितली असंल, मोजदाद न्हाई.

आणि एक दिवस सीडी गायब!

घर पालथं घातलं. न्हाई म्हंजे न्हाई. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. सिरसाळ्याला दत्ताच्या मेहुण्यानं तवाच नवीन साउंड सिस्टीम काढलती. झालं! म्हणलं, ह्यानंच नेऊन दिली.

"दत्ता, सीडी दे."

"मी न्हाई नेली."

"मग काय पाय फुटले तिला?"

खंडोबाच्या जत्रेत चार माणसांत विषय काढला मी. दत्ता उठला. सरळ देवळात गेला, मूठभर भंडारा उचलला आणि म्हणाला, "नेली असंल तर माझं वाटोळं होईल." आमच्याकडं माणसानं भंडारा उचलला की विषय संपतो. कोर्टाच्या वरचं काम हाय ते. आणि मी, शहाणा, काय म्हणलो? "खोटा भंडारा उचलतोस व्हय रे?"

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला न्हाई. पावसाळ्यात रोग येऊन त्याची पंधरा-वीस मेंढरं मेली, तवा मी दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगितलं, "बघा, देवाचे डोळे उघडे असतात." जिभेला काय हाड होतं का हो माझ्या? गावानं माना डोलावल्या. दत्ताला लोक भंडारबुडव्या म्हणायला लागले. तवा मला काहीच वाटलं न्हाई, हे आज लई लागतं.

आता यंदाचं ऐका. माझी पोरगी बीडला होस्टेलात राहून नववीत शिकती. सुट्टीत घरी आलती, तिच्या मोबाईलवर तसंच धडधड वाजाया लागलं आणि मला एकदम गलबलून आलं. तो म्हातारा, ते रान, ती दुपार. म्हणलं, पोरी, असली एक फिल्म होती, काढ की. ती म्हणाली, "बाबा, नाव सांगा." नाव कुणाच्या बापाला ठाऊक? चुलतभावालाबी आठवंना. तिनं एवढंच सांगितलं की, त्या नाचाला रेव्ह म्हणतात.

एवढ्या अर्ध्या ज्ञानावर मी गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "नमस्कार. आमच्या घरची रेव्ह पार्टीची सीडी सोळा वर्षांखाली गेलेली हाय. दुपारी दारं लावून आम्ही लई मजा केली. आठवण येते. ज्यानं नेली त्यानं न लाजता परत करावी."

'ज्यानं नेली' हा टोमणा दत्तासाठी होता, खोटं कशाला बोलू. पण रेव्ह पार्टी म्हणलं की आपल्या लोकांना काय आठवतं? टीव्हीवरची पोलिसांची धाड, आणि तोंडं झाकून गाडीत बसणारी पोरंपोरी! पहिला फोन पोलीस पाटलाचा.

"सुभाषराव, तुमच्या घरी रेव्ह पार्टी झाली व्हय?"

"झाली न्हाई हो, बघितली."

"बघितली म्हंजे हजर होता की! वर शूटिंगबी काढलं?"

दुसरा फोन सासऱ्यांचा. "जावईबापू, पोरीला माहेरी पाठवून द्या." तंवर दुकानापुढं दोन टारगट येऊन विचाराया लागले, "काका, आता कधी हाय?" बायकोनं दुपारचं ताट असं आपटलं की वरण माझ्या आधी भिंतीनं खाल्लं.

"मालन, देवाशपथ, त्यात काही वंगाळ नव्हतं. जत्रा होती जत्रा!"

"मग साक्षीला आणा कुणाला तरी."

ही गोष्ट लग्नाआधीची, साक्षीला कोण? आई वारून सात वर्षं झाली, बाप त्याच्याबी आधी गेला. उरला एकटा दत्ता.

गेलो. तो अंगणात लोकर कातरत बसलता. मान वर न करता म्हणाला, "वाचला तुजा मेसेज. बस." आत गेला, पेटी उघडली आणि सीडी आणून माझ्या हातात दिली.

आधी मला काय वाटलं सांगू? 'बघा, निघाला का न्हाई चोर!' एवढा मी नालायक. मग नीट बघितलं. सीडीच्या भोकात सुतळी ओवलेली, आणि गाठ माझी. मी पोत्याला मारतो ती, दुहेरी. समदं आठवलं. त्या साली ज्वारी हुरड्यात असताना पाखरं हाकाया रानात सीड्या टांगल्या होत्या. चमकल्या की पाखरं उठतात. बाप म्हणाला, खराब सीड्या घे, आणि मी खोक्यातल्या दिसतील तेवढ्या उचलून, न बघता ओळीनं बांधल्या. माझ्या हातानं!

"ज्वारी निघाल्यावर तुज्या बापानं खतासाठी आमची मेंढरं तुमच्या रानात बसवली," दत्ता म्हणाला. "तवा रोवलेल्या मेढीच्या लाकडाला लटकत होती. मागून बघितलं तर कोरी, नाव न्हाई, म्हंजे आपलीच."

"मग आणून कावून न्हाई दिलीस रे?"

"आणली असती तर तू म्हणला असतास, बघा, चोरानं परत केली."

खरंच म्हणलो असतो. पायाच पडाया वाकलो, तर म्हणाला, "नाटकं नको. चल, वहिनीला सांगतो."

आला बिचारा. पोलीस पाटलासमोर उभा राहून म्हणाला, "फिल्म चांगली होती, परदेशातली जत्रा होती." पाटील म्हणाले, लावा. लावली. पण उन्हानं सीडीचा चकाकता थर कधीच उडालेला, नुसतं काचेगत प्लास्टिक. प्लेयरनं दोनदा खरखर केलं आणि गप्प बसला.

मग मी ग्रुपवर दोन्ही कान धरून लिहिलं. सीडी मीच माझ्या रानात टांगली होती, दत्तानं नेली नव्हती, त्याचा भंडारा खरा होता, मी खोटा, आणि फिल्ममधी वाईट काही नव्हतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा या बाबतीत खरं बोललो.

उत्तरं आली. "रेव्ह पार्टीची सीडी ज्वारीत? पाखरांनाबी नादी लावलं व्हय?" "पुरावा पुसून आणला वाटतं." "दत्ताला पढवून आणलंय, गरिबाला कशाला गोवता?" पोलीस पाटलानं नुसतं लिहिलं, "बनाव पुरे."

मी ओरडलो, "अरे, देवाशप्पथ खरं सांगायलोय, कुणी ऐकंनाच की!"

दत्ता शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होता. त्यानं मोबाईल माझ्या हातातून घेतला, समदी उत्तरं सावकाश वाचली आणि मोबाईल परत दिला.

"एकच दिवस झालाय सुभ्या," तो म्हणाला. "दम धर."