एकविसावी बॅटर गिरीजला भेटली

वसईला जायचं ठरवलं ते किल्ला बघायला नाही, सबिनाला भेटायला. शाळेत असताना सॉफ्टबॉलच्या एका सामन्यात मी परफेक्ट गेम टाकला होता. सात इनिंग, एकवीस बॅटर, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचली नाही. भल्याभल्या पिचरना हे जन्मात जमत नाही. पुढे खांदा गेला, खेळ सुटला. आयुष्यात अभिमानाने सांगण्यासारखं तेवढंच उरलं. त्या सामन्यातली एकविसावी बॅटर सबिना. जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर तिचा नंबर मिळाला.

नाशिकहून सकाळची एसटी धरली. भिवंडी ते चिंचोटी रस्ता हाडं खिळखिळी करतो. कंबरदुखी असेल तर मागची सीट घेऊ नका. वसई पश्चिमेहून तिच्या गिरीज गावापर्यंत शेअर रिक्षा, माणशी तीस रुपये. वाटेत सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, घ्यायला विसरू नका.

गिरीजला केळीच्या वाडीत सबिना पाणी सोडत होती. हात पुसून तिने मला घरात नेलं, तळलेले गोडसर फुगे आणि चहा पुढे ठेवला. मी न राहवून विचारलं, "शेवटचा बॉल आठवतो?"

"आठवतो ना. आमची बस सुटत होती, ताई. सर म्हणाले, कशीही बॅट फिरवा आणि चला."

मी हसायचा प्रयत्न केला. "पण तो ड्रॉप होता. खाली पडणारा बॉल."

"माहीत होतं. ड्रॉप टाकताना तुमचं मनगट आधीच वळायचं. सहाव्या इनिंगला माझ्या लक्षात आलं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, आता काय उपयोग?" मग माझा चेहरा बघून तिने घाईघाईने माझ्या बशीत आणखी एक फुगा वाढला. "मी मुद्दाम बॅट बॉलच्या वरून फिरवली. वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही चांगल्याच टाकत होता."

तो फुगा तसाच बशीत ठेवून मी उठले. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर मिठागरं गेली, ती मी पाहिली नाहीत.

गिरीजला जरूर जा. वाड्या सुंदर आहेत, माणसं मायाळू आहेत. मी मात्र घरी आल्यावर कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले आणि दुखऱ्या खांद्याने हळूच ड्रॉपची ॲक्शन केली.

मनगट वळलं. हात मागे जायच्या कितीतरी आधी, कुणालाही दिसेल असं.