ऐकूनको

आमच्या घरात लोकरीच्या कानटोपीला ‘ऐकूनको’ म्हणतात. हसा, खुशाल हसा! सात वर्षांची असताना मी दुकानात ऐटीत म्हटलं, “काका, एक लाल ऐकूनको द्या.” दुकानदार म्हणाला, “अगं, ऐकू नको म्हणतेस, मग देऊ काय?” सोबतच्या पोरींनी वर्षभर टर उडवली. रडत घरी आले, तर ताई म्हणाली, “बाहेर कानटोपी म्हणायचं. कान झाकते ती कानटोपी.” मग ‘ऐकूनको’ हे नाव कुठून आलं विचारलं, तर म्हणे, “तूच ठेवलंस, मला काय विचारतेस?”

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सोळाव्या वर्षी मोज्यांच्या कारखान्यात विणायच्या मशीनवर लागली, ती तीस वर्षं तिथेच. सुटलेला टाका तिला लांबून दिसायचा, पण हाक ऐकू यायची नाही. मशीनच्या खडखडाटानं डावा कान गेला, असं मी धरून चालले होते. आणि माझं डोकं म्हणजे तापलेला तवा! “भिंतीला सांगितलं असतं तर तिनं तरी ऐकलं असतं,” असं मी खेकसायचे. ती हसून उजवा कान पुढे करायची.

गेल्या महिन्यात तोही कान दगा द्यायला लागला, तेव्हा मी तिला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. तोही गेला तर ती ठार बहिरी होणार होती.

“उजव्याला यंत्र लावून बघू, पण खात्री देत नाही,” डॉक्टर म्हणाले. “डाव्याचा पडदा मात्र लहानपणीच फाटलाय. मार लागला होता का?”

“पडले होते,” ताई म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी येताच मी तिला धारेवर धरलं. “कुठे पडलीस? मला कसं माहीत नाही?”

“तू दोन वर्षांची होतीस गं. बाबांचं डोकं फिरलं की तोंडाला येईल ते बोलायचे, आईवर हात उचलायचे. मी तुला कोपऱ्यात घेऊन बसायचे, टोपी कानांवर ओढायचे आणि म्हणायचे, ऐकू नको, ऐकू नको. तुला वाटलं, तेच टोपीचं नाव. एकदा बोट दाखवून म्हणालीस, ‘ऐकूनको दे.’ आई किती दिवसांनी हसली! म्हणून तेच नाव राहिलं.”

“आणि कान?”

“डॉक्टरांशी खोटं नाही बोलले. पडलेच होते. आईबाबांच्या मध्ये पडले.”

ज्या ओरडण्यापासून तिनं मला झाकलं, तसंच मी इतकी वर्षं तिच्यावर ओरडत आले होते. तिचा हात धरून कसंबसं म्हटलं, “ताई, चुकलं माझं.”

“काय?” तिनं उजवा कान पुढे केला. “मोठ्यानं बोल की.”

मला मोठ्यानं बोलवेना.